चेमूल ते चौल : एका नांवाचा प्रवास

मुलाचें बारसें होतें तेव्हां नांव कोणीं सुचविलें, आजोबांचें ठेविलें कीं कुलदैवताचें, हें सर्व घरांतील वडील माणसांस ठाऊक असतें. गांवाचें बारसें कोणी केलेलें नसतें. चार झोंपड्या उभ्या राहतात, बंदरांत होड्या लागूं लागतात, बाजार भरतो. येणारे-जाणारे त्या जागेस कांहीं तरी म्हणूं लागतात आणि तेंच नांव पुढें चालतें. चाळीस-पन्नास पिढ्यांनंतर एखादा जिज्ञासु विचारतो कीं, या नांवाचा अर्थ काय ? खरें उत्तर देणारा त्या वेळीं कोणी उरलेला नसतो. म्हणूनच कीं काय, उत्तरें मात्र भराभर मिळतात.

हा विषय केवळ करमणुकीचा नव्हे. गांवाचें नांव हा एक दस्तऐवज आहे. त्या जागीं कोण राहिले, कोण येऊन गेले, कोणत्या भाषा तेथें बोलल्या गेल्या, याची नोंद त्यांत असते. मनास येईल ती व्युत्पत्ति त्यास चिकटविणें म्हणजे त्या दस्तऐवजावर खाडाखोड करणें होय. आमच्या या म्हणण्याचा पडताळा आम्ही रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील चौल या गांवावरून देणार आहों. परंतु आरंभीं एका इंग्रजी शहराची हकीकत सांगतों. दुसऱ्याच्या घरची गोष्ट निर्विकार मनानें ऐकतां येते. मग तीच आपल्या घरास लावून पाहणें सोपें जातें.

इंग्लंडच्या उत्तर भागांत यॉर्क नांवाचें प्राचीन शहर आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क हें या नांवाचेंच अपत्य. १६६४ सालीं इंग्रजांनीं तें ठाणें डच लोकांपासून घेतलें आणि राजबंधु ड्यूक ऑफ यॉर्क याच्या सन्मानार्थ त्यास नवें नांव दिलें. पण मूळच्या यॉर्कला यॉर्क कां म्हणतात ? इ. स. ७१ च्या सुमारास रोमन लोकांनीं तेथें लष्करी छावणी वसविली. ते त्या जागेस ‘एबोराकम’ म्हणत. हें नांव त्यांनीं स्वतः घडविलेलें नसून त्यांच्या पूर्वीं तेथें राहणाऱ्या केल्टिक लोकांचें होतें. ‘यू’ नांवाचा एक सदाहरित वृक्ष त्या देशांत होतो. त्या वृक्षांचें स्थान, असा मूळ अर्थ बहुतेक विद्वान् मानतात.

पुढें रोमन गेले आणि अँगल लोक आले. त्यांस केल्टिक भाषा येत नव्हती. ‘एबोर’ म्हणजे काय, हें त्यांस कळेना. त्यांच्या भाषेंत रानडुकरास ‘एओफोर’ म्हणत. कानास तेंच जवळचें वाटलें आणि ‘वीक’ म्हणजे वस्ती हा शब्द जोडून त्यांनीं ‘एओफोरवीक’ असें नांव केलें. वृक्षांचें गांव डुकरांचें झालें ! इ. स. ८६६ त डेन लोकांनीं शहर जिंकलें. त्यांच्या तोंडीं त्याचें ‘योरवीक’ झालें आणि शेवटीं झिजतां झिजतां ‘यॉर्क’ हें एकाक्षरी रूप उरलें. मौज अशी कीं, तेथील आर्चबिशप आजहि सही करितांना ‘एबोर’ असेंच लिहितात. शहर बदललें, भाषा बदलल्या, राज्यें बुडालीं. परंतु धर्मपीठाच्या सहींत जुनें रूप टिकून राहिलें.

या हकीकतींतून तीन गोष्टी ध्यानांत येतात. नवे लोक आले तरी जुनें नांव सहसा मरत नाहीं, ही पहिली. आलेला प्रत्येक समाज तें नांव आपल्या भाषेच्या उच्चारांत बसवितो, ही दुसरी. आणि त्याचा अर्थ समजेनासा झाला म्हणजे तो आपल्या पसंतीचा अर्थ त्यांत घालतो, ही तिसरी. आतां हेंच आपल्या किनाऱ्यावर पाहूं.

अलिबागेहून दक्षिणेस जाणाऱ्या रस्त्यानें आक्षी, नागांव हीं गांवें ओलांडलीं म्हणजे नारळी-पोफळीच्या दाट वाड्यांतून आपण चौलांत शिरतों. त्यास लागूनच रेवदंडा आणि पलीकडे कुंडलिकेची खाडी. रामेश्वराचें देऊळ, टेंकडीवरील दत्तात्रेयाचें स्थान, झाडींत लपलेले मुसलमानी अमदानीचे भग्न अवशेष आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, एवढें पाहून प्रवासी परततो. या शांत गांवाचें नांव एके काळीं अलेक्झांड्रियाच्या विद्वानांस आणि बगदादच्या व्यापाऱ्यांस ठाऊक होतें, असें सांगितलें तर तें त्यास खरें वाटणार नाहीं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक व्यापाऱ्यानें एरिथ्रियन समुद्राचें, म्हणजे आपल्या अरबी समुद्राचें व त्याच्या आसपासचें, मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. त्याचें नांव उपलब्ध नाहीं. पुस्तक मात्र राहिलें आहे. त्यांत कल्याणच्या पुढें दक्षिणेकडील बंदरें सांगतांना ‘सेमुल्ला’ हें नांव प्रथम येतें. दुसऱ्या शतकांतील भूगोलकार टॉलेमी त्याच बंदरास ‘सिमुल्ला’ म्हणतो आणि एक बहुमोल टीप देतो: तेथील रहिवासी त्यास ‘तिमूला’ म्हणतात. एकानें ‘स’ लिहिला, दुसऱ्यानें ‘त’ ऐकला. मग खरा उच्चार कोणता? ग्रीक भाषेंत ‘च’ हा वर्णच नाहीं. ‘च’ आपण सावकाश उच्चारून पाहिला तर त्यांत आरंभीं ‘त’चा स्पर्श आणि शेवटीं ‘श’चा घर्ष आढळतो. ज्याच्या कानीं आरंभ ठसला त्यानें ‘त’ लिहिला, ज्याच्या कानीं शेवट ठसला त्यानें ‘स’ लिहिला. दोन्ही साक्षी एकत्र केल्या म्हणजे मधला ‘च’ आपोआप सांपडतो.

आणि तो तसाच कोरलेलाहि सांपडतो ! मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या गृहस्थांचे प्राकृत शिलालेख आहेत. त्यांत ‘चेमूल’ येथील रहिवाशांचा उल्लेख आहे. चेमूल म्हणजे मुंबईजवळचें चेंबूर असावें, असेंहि मत पूर्वीं मांडलें गेलें होतें. परंतु ग्रीक ग्रंथांतील बंदरांचा क्रम, नंतरचे उल्लेख आणि पुढें सांगावयाची उच्चारांची परंपरा पाहतां बहुतेक अभ्यासकांनीं चौलचाच पक्ष मान्य केला आहे.

यानंतर अरबांची पाळी. अरबी भाषेंतहि ‘च’ नाहीं. त्यांनीं चेमूलचें ‘सैमूर’ केलें. शेवटीं ‘ल’चा ‘र’ झाला, यांत नवल नाहीं. ‘र’ आणि ‘ल’ यांचें शेजारपण जगांतील पुष्कळ भाषांत आढळतें. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा बगदादचा विद्वान् प्रवासी सैमूरास येऊन गेला. तेथें झंझ नांवाचा राजा होता, म्हणजे उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील झंझ. आणि तेथें सुमारें दहा हजार मुसलमान रहात होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यांपैकीं कित्येक सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि कित्येक येथेंच जन्मलेले होते. हिंदु राजाच्या बंदरांत परकीय व्यापारी निर्धास्तपणें घरें करून रहात होते, हें या एका नोंदीवरून कळतें.

शिलाहारांच्या स्वतःच्या लेखांतहि हें नांव आहे. खारेपाटण येथें सांपडलेल्या शके १०१६ च्या, म्हणजे इ. स. १०९४ च्या सुमाराच्या ताम्रपटांत अनंतदेव राजानें आपल्या दोघां श्रेष्ठींच्या गलबतांस जकात माफ केली आहे. ज्या बंदरांत ही माफी चालावी तीं बंदरें श्रीस्थानक, नागपुर, शूर्पारक आणि चेमूली अशीं सांगितलीं आहेत. श्रीस्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें आणि चेमूली म्हणजे आपलें चौल. येथवर हजार वर्षें लोटलीं, तरी ‘चेमूल’चा सांगाडा जसाच्या तसा आहे.

मग ‘म’ गेला कोठें ? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास लेण्यांत किंवा ग्रंथालयांत जाण्याचें कारण नाहीं. तें आमच्या वाचकभगिनींच्या फडताळांतच आहे. आवळ्याच्या मुरंब्याची बरणी काढावी आणि ‘आवळा’ हा शब्द नीट पहावा. त्याचें संस्कृत रूप आमलक. दोन स्वरांमध्यें सांपडलेला ‘म’ प्राकृतांतून मराठींत येतांना सैल पडतो आणि त्याचा नाकांतून उच्चारलेला ‘वँ’ होतो, असा हा नियम आहे. त्याच नियमानें ग्रामाचा गांव झाला, नामाचें नांव झालें, भ्रमराचा भोंवरा झाला आणि चामराची चवरी झाली. ‘गांव’ आणि ‘नांव’ यांवरील अनुस्वार ही त्या हरवलेल्या ‘म’चीच खूण. १९६२ च्या लेखननियमांनीं ती पुसली. या लेखांत आम्हीं ती ठेविली आहे, ती हौसेखातर नव्हे, तर तिच्यांत इतिहास आहे म्हणून.

आतां चेमूलास हाच नियम लावावा. चेमूल, चेंवूल, चेऊल, चौल. एकहि पायरी ओढून-ताणून आणावी लागत नाहीं. मधल्या पायरीचा साक्षीदारहि उभा आहे, आणि तो कोठला, तर रशियाचा ! त्वेर शहराचा अफनासी निकितीन नांवाचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत घोडा घेऊन या बंदरांत उतरला. रेवदंड्यास त्याचें स्मारक आहे. त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत गांवाचें नांव ‘चिविल’ असें लिहिलें आहे. त्यांतील ‘व’ लक्षांत घ्यावा. ज्या काळीं ‘म’ जाऊन ‘व’ आला होता, परंतु ‘व’ अद्याप विरघळला नव्हता, त्या काळचा हा उच्चार आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत ‘चेऊल’ हें रूप आढळतें आणि चेऊलकर हें आडनांव आजहि आहे. यॉर्कच्या आर्चबिशपांच्या सहींत जसें ‘एबोर’ राहिलें, तसें आपल्याकडे आडनांवांत ‘चेऊल’ राहिलें.

पोर्तुगीजांनीं ‘चौल’ हें रूप युरोपांत नेलें. १५०८ सालीं या खाडीच्या मुखाशीं इजिप्त व गुजरात यांच्या संयुक्त आरमारानें पोर्तुगीजांचा पराभव केला आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेडा त्यांत मारला गेला. तरीहि १५२१ पासून त्यांनीं रेवदंड्याच्या जागीं आपला कोट उभारला आणि १७४० सालीं मराठ्यांच्या स्वाधीन होईपर्यंत तें ठाणें त्यांच्याकडे राहिलें. खाडीपलीकडे कोरलई गांवांतील ख्रिस्ती लोकांच्या घरांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली बोली अद्याप बोलली जाते. राज्य गेलें, बोली राहिली.

येथपर्यंत वाचून कोणी वाचक म्हणतील, “हें सर्व खरें, परंतु आमच्या वडिलांनीं चौलचें प्राचीन नांव चंपावती असें सांगितलें होतें, त्याचें काय?” प्रश्न योग्य आहे. चौलास चंपावती आणि रेवदंड्यास रेवतीक्षेत्र म्हणण्याची परंपरा स्थानिक लोकांत खरोखरच आहे आणि ती आदरणीय आहे. परंतु चंपावतीपासून चौल निघाला काय, हा निराळा प्रश्न आहे. मराठींत ‘चंपक’ शब्दाचा चांपा किंवा चाफा होतो. ‘म्प’ हें जोडाक्षर एकट्या ‘म’सारखें विरघळून जात नाहीं. चंपावतीपासून कांहीं निघालेंच असतें तर त्यांत ‘प’ किंवा ‘फ’ राहिला असता, आणि ‘ल’ येण्यास कांहींच कारण नव्हतें. उलट ग्रीक, प्राकृत, अरबी, संस्कृत व रशियन अशा पांच प्रकारच्या लेखांत ‘म’ किंवा त्याचा ‘व’ आणि शेवटीं ‘ल’ अथवा ‘र’ सारखा दिसतो. तेव्हां चंपावती हें चौलचें मूळ नसून चौलास भक्तीनें घातलेलें लेणें आहे. अँगल लोकांस यॉर्कमध्यें रानडुक्कर दिसलें; आपल्या पूर्वजांस चौलमध्यें चाफा दिसला. आपल्या पूर्वजांची रसिकता अधिक, एवढें आम्ही आनंदानें मान्य करितों !

चेमूल या शब्दाचा मूळ अर्थ काय, हें सांगण्याचा मोह आम्हांसहि होतो. परंतु ज्या नांवाचा पुरावा सुमारें दोन हजार वर्षें मागें जातो, त्याचा उगम त्याहिपूर्वींच्या, कदाचित् बोलणारेच उरले नाहींत अशा, भाषेंत असूं शकतो. उगम दिसत नसला तरी नदीचा ओघ खोटा ठरत नाहीं.

चौलच्या शेजारचीं नांवें पाहिलीं तर हाच अनुभव येतो. मुरूडजवळच्या जलदुर्गास जंजिरा म्हणतात. कित्येकांस त्यांत ‘जंजीर’ म्हणजे सांखळी दिसते. वस्तुतः हा अरबी ‘जझीरा’ शब्द असून त्याचा अर्थ बेट. आफ्रिकेंतील अल्जिअर्स शहराचें नांवहि याच शब्दाच्या अनेकवचनापासून झालें आहे. मराठ्यांनीं हा शब्द इतका आपलासा केला कीं, कोणत्याहि जलदुर्गास ते जंजिरा म्हणूं लागले. थळच्या समोर समुद्रांत खांदेरी आणि उंदेरी अशीं दोन बेटें आहेत. इंग्रजांच्या कागदांत त्यांचें ‘केनरी’ आणि ‘हेनरी’ झालें. जुना इंग्रजी नकाशा पाहून एखाद्यास वाटावें कीं, हेन्री नांवाच्या कोणा साहेबानें हें बेट शोधलें असेल ! घारापुरीस पोर्तुगीजांनीं ‘एलेफंटा’ म्हटलें, तें तेथील दगडी हत्तीमुळें. तो हत्ती हल्लीं मुंबईंत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. बेटावर हत्ती नाहीं, पण नांव आहे.

आणि अलिबाग ? अली नांवाच्या कोणा सधन गृहस्थानें येथें विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या. त्या ‘अलीच्या बागे’वरून हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. हा अली मुसलमान होता असें एक मत. तो बेने इस्राएल, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील यहुदी समाजांतील होता, असें त्या समाजाचें म्हणणें. नवगांवच्या किनाऱ्यास आपल्या पूर्वजांचें गलबत फुटलें अशी त्यांची कथा आहे. तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. केहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें ऐकलीं म्हणजे ते या भूमीचे किती झाले होते हें कळतें. १९४८ नंतर त्यांच्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएलास गेलीं. परंतु तेथेंहि या छोट्या गांवांचीं नांवें आडनांवांच्या रूपानें नांदत आहेत.

आतां मुद्द्याची गोष्ट. आपल्या सुशिक्षित घरांत संस्कृताचा अभिमान आहे आणि तो असावा. परंतु त्या अभिमानाचें एक व्यसन होतें. कोणतेंहि नांव कानीं आलें कीं, त्यास एखादा ऋषि, एखादी देवी किंवा एखादा संस्कृत समास जोडल्यावांचून आपणांस चैन पडत नाहीं. यांत वरवर पाहतां कोणाचें नुकसान नाहीं. पण बारकाईनें पाहिलें तर आहे. बागा लावणारा अली, होड्या वल्हविणारा कोळी, घाणा चालविणारा तेली, सैमूरास घर केलेला बसऱ्याचा व्यापारी आणि ज्यांची भाषाहि आज उरली नाहीं ते चेमूलचे पहिले रहिवासी, यांनीं किनारा वसविला. त्यांचें घर नाहीं, शिलालेख नाहीं. गांवाच्या नांवांतील एखादें अक्षर एवढीच त्यांची मिळकत. आपण खोटी व्युत्पत्ति सांगतों तेव्हां ती मिळकत आपल्या नांवावर चढवून घेतों.

नांवें मुद्दाम बदलूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. शिवछत्रपतींनीं रायरीचें रायगड केलें, तें एका नव्या राज्याच्या निर्धारानें. त्या नांवामागें इतिहास घडला. मोंगलांनीं १६८९ नंतर त्याच गडास इस्लामगड म्हटलें. तें मात्र टिकलें नाहीं. १८६९ सालीं झालेल्या कुलाबा जिल्ह्यास १९८१ सालीं रायगड हें नांव मिळालें आणि लोकांनीं तें मनापासून स्वीकारलें. २०२४ सालीं अलिबागेस मायनाक भंडारी यांचें नांव द्यावें, अशीहि मागणी पुढें आली. १६७९ सालीं खांदेरी लढविणाऱ्या या दर्यावीराचें स्मरण कोंकणानें ठेविलेंच पाहिजे. त्यांचें भव्य स्मारक व्हावें, आरमारी शिक्षणाच्या संस्थेस त्यांचें नांव द्यावें. परंतु एकाचें ऋण फेडण्यासाठीं दुसऱ्याची आठवण पुसावी काय, याचा विचार प्रत्येकानें शांतपणें करावा. रायगड हें दिलेलें नांव आहे. चौल आणि अलिबाग हीं उगवलेलीं नांवें आहेत. दिलेलें नांव पुन्हां देतां येतें. उगवलेलें नांव एकदां उपटलें कीं पुन्हां उगवत नाहीं.

याहूनहि मुकाट्यानें होणारी एक हानि आहे. प्रत्येक गांवांत आगरें, खारें, खाजणें, पाखाड्या, विहिरी यांस स्वतंत्र नांवें असतात. जमिनी विकल्या जातात, बंगले उठतात आणि त्या नांवांच्या जागीं केवळ गट क्रमांक उरतो. तीं नांवें कोणत्याहि ताम्रपटांत नाहींत. तीं घरांतील वृद्धांच्या जिभेवर आहेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें मूळ गांव किनाऱ्यावर आहे, त्यांनीं येत्या सुटींत एक वही करावी. आजी-आजोबांस, वाडीवर काम करणाऱ्या गड्यांस, कोळीवाड्यांतील वृद्धांस विचारून प्रत्येक वाडीचें, विहिरीचें, खडकाचें नांव ते उच्चारतील तसें टिपून घ्यावें. त्यांस शुद्ध करण्याच्या भरीस पडूं नये आणि अर्थ सांपडला नाहीं म्हणून तें गाळूं नये. कान्हेरीच्या लेण्यांत ज्या कोणीं ‘चेमूल’ हीं तीन अक्षरें कोरलीं, त्यानें त्यांचा अर्थ लिहून ठेविला नाहीं. केवळ नांव नीट लिहिलें. तेवढ्यावर आपणांस चौलचा सुमारें दोन हजार वर्षांचा वंश लावतां आला. आपणहि तेवढेंच करावें.